आईबाबांना घेऊन अलास्काची क्रूझ: आत्ता जावं की थांबावं?

पारिजातक | २० जुलै २०२२

नमस्कार मंडळी,

आम्ही सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. आईबाबा मिरजेहून आले आहेत, ऑक्टोबरपर्यंत इथेच आहेत. बाबा ७२ वर्षांचे, मधुमेह आहे, काही वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. आई ६७, तशी ठणठणीत, फक्त बीपीची गोळी चालू. दोघांचे कोविशील्डचे दोन्ही डोस आणि प्रिकॉशन डोस झालेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला सिॲटलहूनच सुटणारी सात रात्रींची क्रूझ घेतली आहे. जुनो, स्कॅगवे, केचिकन आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. सोबत नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा.

पैसे सगळे भरून झालेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रद्द केलं तर निम्मे परत मिळतील, त्यानंतर काहीच नाही.

परवा, १८ जुलैला, इथल्या सीडीसीने (सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) बोटींसाठीचा कोविड कार्यक्रमच बंद केला. कुठल्या बोटीवर संसर्ग आहे ते हिरव्या, नारिंगी, लाल रंगांत दाखवणारं पान मी रोज बघत होते, तेही गेलं. इकडे ओमायक्रॉनचा बीए.५ हा उपप्रकार जोरात आहे, आमच्या ऑफिसमध्ये आठवड्याला कोणी ना कोणी पॉझिटिव्ह निघतंय. बाबांना हिमनदी बघायची फार इच्छा आहे. पुढच्या वेळी ते एवढा प्रवास करू शकतील की नाही, माहीत नाही.

जाऊन आलेल्यांनी अनुभव सांगा. बोटीवर कोणी पॉझिटिव्ह निघालं तर नेमकं काय करतात? रद्द करणारे असाल तर तेही सांगा.

---

राघूमैना | २० जुलै

स्पष्टच लिहिते. जाऊ नका.

डायमंड प्रिन्सेस आठवा. फेब्रुवारी २०२०, योकोहामा. हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी पॉझिटिव्ह निघाला आणि ३७११ माणसं बोटीवर अडकली. त्यातली ७१२ बाधित झाली. खिडकी नसलेल्या खोलीत दोन आठवडे काढलेल्यांच्या मुलाखती मी तेव्हा टीव्हीवर बघितल्यात. ७२ वर्षांचा मधुमेही माणूस घेऊन ही जोखीम का घ्यायची? हिमनदी कुठे पळून जात नाही.

---

भटक्याआनंद | २० जुलै

राघूमैना, तुमची काळजी समजते, पण २०२०ची बोट आणि २०२२ची बोट यांत फरक आहे. तेव्हा लस नव्हती, औषध नव्हतं, रोग कसा पसरतो हेही धड कळलं नव्हतं. आता अख्खी बोट कोणी अडकवून ठेवत नाही. जो पॉझिटिव्ह निघतो तो अडकतो. तेच आमच्यावर बेतलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. मे महिन्यात भूमध्य समुद्रातली क्रूझ केली. अर्ध्या प्रवासात बायकोचा घसा धरला. तिने स्वतःहून बोटीवरच्या दवाखान्यात फोन केला. खोलीत येऊन चाचणी केली, पॉझिटिव्ह. तासाभरात तिला दुसऱ्या मजल्यावर, त्यासाठीच राखून ठेवलेल्या भागात हलवलं. मी निगेटिव्ह होतो, तरी मला आमच्याच खोलीत थांबायला सांगून पुन्हा चाचणी केली. आम्ही बाल्कनीची खोली घेतली होती, तिला मिळाली ती नुसती गोल खिडकीची. जेवण दाराशी ठेवून दार वाजवून जायचे. जेवण चांगलं असायचं, फोनवर विचारपूसही व्हायची, त्याबद्दल तक्रार नाही.

खरा त्रास उतरताना झाला. प्रवास इटलीत संपत होता. इटलीत पॉझिटिव्ह माणसाने विलगीकरणात राहायचं हा त्या वेळी देशाचा कायदाच होता, बोटीचा नव्हे. त्यामुळे बायकोला तिथल्या हॉटेलात राहावं लागलं, आमचं विमान गेलं, माझी सुट्टी संपली. ती निगेटिव्ह येईपर्यंत मी तिथूनच लॅपटॉपवर काम केलं. तेव्हाच स्पेनमध्ये सौम्य लक्षणांच्या लोकांसाठी विलगीकरणाची सक्ती नव्हती. म्हणजे हीच बोट बार्सिलोनाला संपली असती तर वेगळा हिशेब झाला असता.

म्हणून माझा सल्ला: बोट कुठली, यापेक्षा ती कुठे संपते ते आधी बघा. पारिजातक, तुमची बोट तुमच्या घराजवळ सुरू होते आणि घराजवळच संपते. ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. शेवटच्या दिवशी कोणी पॉझिटिव्ह असलं तर मास्क लावून स्वतःच्या गाडीत बसायचं आणि घरी जायचं. विमान नाही, हॉटेल नाही.

---

पारिजातक | २१ जुलै

आनंद, फार आभार. हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. बोटीवर चढण्याआधी चाचणी आहेच, कॅनडात थांबा असल्यामुळे. पण मधल्या एखाद्या गावात बाबांना त्रास झाला तर काय?

---

डॉक्टरीण_पुणे | २१ जुलै

मी फिजिशियन आहे. इथे कोणाच्या वडिलांवर उपचार करता येत नाहीत, पण विचारायचे प्रश्न सांगू शकते.

पहिली गोष्ट, बाबांच्या औषधांची यादी. स्टेंट आहे म्हणजे स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) नक्की चालू असणार, सोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी. अमेरिकेत कोविडसाठी पॅक्सलोविड मिळतं. लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत ते चालू करावं लागतं. वयस्क, मधुमेही माणसाला त्याचा खरा उपयोग आहे. पण या औषधाचं अनेक गोळ्यांशी जमत नाही. काही स्टॅटिन तात्पुरती बंद ठेवावी लागतात, काहींबरोबर ते देताच येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांची पातळी त्याने धोकादायक वाढू शकते. बीपीसाठी ॲम्लोडिपिन असेल तर बीपी फार खाली जाऊ शकतं. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर डोस बदलतो. हे सगळं बोटीवर, रात्री, ताप चढलेला असताना ठरवायचं नसतं. निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांकडे बाबांना घेऊन जा, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासा आणि "कोविड झाला तर कुठली गोळी थांबवायची, कुठली चालू ठेवायची" हे इंग्रजीत एका कागदावर लिहून घ्या. स्टेंटवाल्या माणसाने स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही.

दुसरं, क्रूझ कंपनीला फोन करून विचारा: बोटीवरच्या दवाखान्यात पॅक्सलोविड ठेवतात का? ऑक्सिजन आहे का, किती वेळ पुरेल? बोटीवर डॉक्टर आणि नर्स असतात, प्राथमिक सोय चांगली असते, पण ते रुग्णालय नव्हे.

तिसरं, वाटेतली गावं. जुनोत बार्टलेट हे रुग्णालय आहे, केचिकनलाही रुग्णालय आहे. स्कॅगवे हे हजार-बाराशे वस्तीचं गाव, तिथे दवाखाना आहे, पण गंभीर रुग्णाला विमानाने बाहेरच हलवावं लागतं आणि हवा खराब असेल तर विमानही खोळंबतं. नकाशावर तुमच्या बोटीचा कोणता दिवस कुठे जातो ते एकदा नीट बघा.

ऑक्सिमीटर, थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि भरपूर पट्ट्या सोबत घ्या. तापात आणि न जेवल्यावर साखर वरखाली होते, ती दिवसातून चार वेळा बघावी लागते. सगळी औषधं दुप्पट दिवसांची न्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा चढताना काढून घेतात आणि खोलीत उशिरा पोचतात.

आणि शेवटी माझं मत. दोघांचे तीन डोस झालेत, वडिलांना इच्छा आहे, बोट घराजवळ संपते. तयारी नीट केली तर मी "जाऊच नका" म्हणणार नाही. साखर आटोक्यात नसेल किंवा गेल्या काही महिन्यांत छातीत दुखण्याचा त्रास झाला असेल तर मात्र नको.

---

मेपलपान | २१ जुलै

सगळे कोविडचं बोलताहेत, मी वेगळंच विचारते. आईबाबांकडे कॅनडाचा व्हिसा आहे का?

व्हिक्टोरियाला बोट संध्याकाळी चार तास जरी थांबली तरी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा त्याला चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. सध्या व्हिसाला महिनोन् महिने लागताहेत. माझ्या ओळखीत एका कुटुंबाला सिॲटलच्या धक्क्यावरून आजीआजोबांसह परत पाठवलंय. शिवाय कॅनडा सरकारच्या अराइव्हकॅन ॲपवर सगळ्यांची माहिती, लसीची प्रमाणपत्रं भरावी लागतील. कोविशील्ड कॅनडाला चालते. कोवॅक्सिनही गेल्या ३० नोव्हेंबरपासून चालते.

व्हिक्टोरियाला थांबायचं कारण पर्यटन एवढंच नाही. परदेशात नोंदलेल्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून निघून फिरून अमेरिकेतच परत यायचं असेल तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं, हा १८८६चा कायदा आहे. कॅनडाने बोटींना बंदी घातली तेव्हा २०२१च्या मे महिन्यात अमेरिकेला त्यासाठी खास तात्पुरता कायदा करावा लागला, तेव्हा कुठे त्या वर्षी अलास्काच्या बोटी सुटल्या.

---

पारिजातक | २१ जुलै

मेपलपान, व्हिसा आहे. २०१९ला व्हॅंकुव्हरला मावशीकडे जायचं म्हणून काढला होता, पासपोर्ट संपेपर्यंतचा आहे. आत्ता उठून पुन्हा बघून आले.

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. बाबांची शेवटची एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१ होती.

---

पॉलिसीवाचक | २२ जुलै

विमा क्षेत्रात आहे म्हणून दोन गोष्टी. आईबाबांसाठी तुम्ही व्हिजिटर इन्शुरन्स घेतला असेलच. तो बहुतेक वेळा अमेरिकेच्या भूमीवरच्या उपचारांसाठी बेतलेला असतो. बोट बहामा, पनामा किंवा बर्म्युडाच्या झेंड्याखाली असते आणि मध्ये कॅनडा येतं. तुमच्या पॉलिसीत बोटीवरचे उपचार आणि अमेरिकेबाहेरचे दिवस धरले आहेत का, हे ईमेलवर लेखी मागा. फोनवरच्या "हो सर"ला अर्थ नाही.

आधीपासून असलेल्या आजारांबद्दल स्वस्त पॉलिसी जवळपास काहीच देत नाहीत. अचानक उद्भवलेल्या त्रासापुरतं संरक्षण असतं, तेही अनेकदा ७० वर्षांपर्यंतच. बाबा ७२चे आहेत, ते कलम शोधा.

तुम्हाला क्रूझसाठी वेगळा प्रवास विमा घ्यावा लागेल. त्यात तीन शब्दांपुढे आकडे काय आहेत ते बघा: वैद्यकीय खर्च, विमानाने रुग्णालयात हलवणं, आणि प्रवास अर्धवट राहिला तर भरपाई. यातला मधला आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आग्नेय अलास्कातून सिॲटलला वैद्यकीय विमानाने आणायचं बिल सामान्य माणसाची वर्षाची कमाई खाऊ शकतं. आणि "सक्तीचं विलगीकरण" भरपाईत आहे का? काही कंपन्या डॉक्टरच्या लेखी आदेशाशिवाय पैसे देत नाहीत. बोटीवर तसा कागद मागून घ्यायचा.

---

भटक्याआनंद | २२ जुलै

हे शंभर टक्के खरं. आमच्याकडे बोटीचा कागद होता म्हणूनच हॉटेलचे पैसे मिळाले. विमानाच्या तिकिटाचे मात्र नाही.

---

वेंगुर्लेकर_काकू | २३ जुलै

बरेच दिवस नुसतं वाचत होते. आज लिहावंसं वाटलं, कारण या सगळ्या चर्चेत बोटीवर काम करणारी माणसं कुठेच आली नाहीत.

माझा मुलगा बोटीवर हाऊसकीपिंगला आहे. आमच्या वेंगुर्ल्यात, सावंतवाडीत, पुढे गोव्यात तर घरटी कोणी ना कोणी बोटीवर सापडेल. डायमंड प्रिन्सेसचं नाव वर निघालं. त्या बोटीवर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. प्रवाशांना खोलीत बसवलं, तेव्हा त्यांना जेवण कोण पोचवत होतं? हीच मुलं. प्रवासी आपापल्या खोलीत, आणि ही मुलं खालच्या मजल्यावर दोघं-दोघं एका खोलीत, एकाच मेसमध्ये जेवणारी. कर्मचाऱ्यांतले सुरुवातीचे रुग्ण बहुतेक जेवणखाण सांभाळणारेच निघाले, यात नवल ते काय.

२०२०च्या मार्चमध्ये प्रवासी उतरून आपापल्या घरी गेले. मुलं बोटीवरच राहिली. भारतात येणारी विमानं बंद झाली होती, अमेरिका कर्मचाऱ्यांना साध्या विमानाने जाऊ देत नव्हती. माझ्या मुलाची बोट बहामाजवळ नांगर टाकून उभी होती. एप्रिलमध्ये मरेला डिस्कव्हरी नावाची बोट मुंबईच्या समोर येऊन उभी राहिली, आत आपलीच मुलं, किनारा दिसतोय आणि उतरता येत नाही. दिल्लीहून नियमावली निघाली, मग २३ एप्रिलला ती १४६ मुलं उतरली. ती बातमी बघून मी देवापुढे साखर ठेवली, त्यात माझा मुलगा नव्हता तरीसुद्धा. तो आला पावसाळ्यात, चार्टर विमानाने गोव्यात. मग क्वारंटाइन. आणि नंतर वर्षभर पगार नाही, पुढचं जॉइनिंग कधी त्याचा मॅनिंग एजंटलाही (बोटींवर माणसं भरती करणाऱ्यालाही) पत्ता नाही. घराचं कर्ज तसंच. गोव्यात बरेच जण तेव्हा मासे विकायला लागले, कोणी पाव पोचवायला लागले.

म्हणून "बोटी बंदच ठेवा" असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण "आता काय, सर्दीसारखंच आहे" म्हणून कोणी बेफिकीर चढलं तरी येतो. प्रवाशाने खोकला लपवला तर त्याची सुट्टी वाचते. त्याची खोली रोज दोनदा साफ करणारा मुलगा पॉझिटिव्ह निघतो. त्याच्या वाटणीच्या खोल्या मग दुसऱ्याच्या अंगावर पडतात, कारण बदली माणूस समुद्रात कुठून आणणार? जूनमध्ये माझ्या मुलाच्या सेक्शनमध्ये हेच झालं.

तुम्ही जा, जरूर जा. एवढंच करा: खोली साफ करायला मुलगा येईल तेव्हा खोलीबाहेर जा किंवा मास्क लावा. घसा दुखला की त्याच क्षणी सांगा.

---

राघूमैना | २३ जुलै

काकू, मी बोटी बंद करा असं म्हटलं नव्हतं, पण माझ्या प्रतिसादात ही माणसं नव्हती हे खरं. तरीही माझा मुद्दा शिल्लक आहे. लक्षणं लपवणारे प्रवासी असतातच. आता सरकारी आकडेही नाहीत, चाचणीच्या अटीही कंपन्या एकेक करून सैल करताहेत. आपण कितीही काळजी घेतली तरी लिफ्टमध्ये शेजारी कोण उभं आहे ते आपल्या हातात नाही. अंटार्क्टिकाला गेलेली ग्रेग मॉर्टिमर ही बोट घ्या, २०२०ची. सगळ्यांचा ताप बघून चढवलं होतं. तरी २१७पैकी १२८ बाधित निघाले, आणि त्यातल्या बहुतेकांना काही लक्षणंच नव्हती.

---

डॉक्टरीण_पुणे | २३ जुलै

राघूमैना, हा मुद्दा बरोबरच आहे. बोटीवर संसर्ग होण्याची शक्यता जमिनीवरच्या सहलीपेक्षा जास्त धरूनच चालायचं. म्हणूनच मी "टाळता येईल" असं न लिहिता "झाला तर काय" त्यावर लिहिलं. तरी शक्यता कमी करता येते: बंद नाट्यगृह, गर्दीची लिफ्ट आणि बुफेची रांग टाळली तरी बराच फरक पडतो. डेकवर, वाऱ्यात, हवं तितकं बसा. अलास्कात बघायचं ते बाहेरच असतं. एन-९५ नाकावर घट्ट बसणारा हवा. कापडी नको.

---

सिडनीवासी | २४ जुलै

ऑस्ट्रेलियाचं सांगतो. इथे रुबी प्रिन्सेसची जखम अजून ओली आहे. १९ मार्च २०२०ला ती सिडनीला लागली आणि सुमारे २७०० प्रवाशांना चाचण्यांचे निकाल यायच्या आधी उतरू दिलं. लोक बस, ट्रेन, विमानाने देशभर पांगले. या प्रवासाशी जोडलेले २८ मृत्यू झाले. नंतर ब्रेट वॉकर यांच्या चौकशी आयोगाने राज्याच्या आरोग्य विभागाच्या गंभीर चुका नोंदवल्या. देशाने बोटींना दोन वर्षांहून जास्त बंदी घातली, ती यंदा १७ एप्रिलला उठली.

माझं म्हणणं इतकंच, उतरणारा प्रवासी गावात शिरतो हेही लक्षात ठेवायचं. स्कॅगवेसारख्या गावाचं पोट या बोटींवर चालतं. २०१९मध्ये अलास्काला क्रूझने १३ लाखांवर प्रवासी गेले आणि २०२०ला जवळपास कोणीच नाही. त्यांना आपण हवे आहोत. पण त्यांचा दवाखाना लहान आहे. अंग मोडून आलं असेल तर त्या दिवशी बोटीवरच थांबा, फिरायला उतरू नका.

---

दोनापावला | २४ जुलै

गोव्यातून. यंदाच्या जानेवारीत मुंबईहून इकडे आलेल्या कॉर्डेलिया बोटीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नववर्षाची गर्दी, ओमायक्रॉनची लाट. एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला म्हणून मुरगाव बंदरावर साधारण दोन हजार लोकांच्या चाचण्या केल्या. ६६ पॉझिटिव्ह. आरोग्यमंत्री विश्वजीत राणे यांनीच आकडा जाहीर केला. बोट परत मुंबईला पाठवली, तिथे पुन्हा चाचण्या, आणखी शंभरावर निघाले. लोक निगेटिव्ह रिपोर्ट घेऊनच चढले होते हे विसरू नका. दोन दिवस आधीचा रिपोर्ट दोन दिवस आधीचंच सांगतो.

तेव्हा मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की माणसांना कुठे ठेवायचं यावर दोन राज्यांत फोनाफोनी चालली होती आणि लोक बोटीवर बसून होते. कुठलं बंदर आपल्याला घेईल हे निघण्याआधी ठरलेलं हवं.

---

पारिजातक | १ ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात तीन-चार दिवस चर्चा चालली. मी बाबांना हा धागा पूर्ण वाचून दाखवला. राघूमैना, तुमचा प्रतिसाद पुन्हा वाच म्हणाले. शेवटी त्यांचं म्हणणं असं: "झालंच तर खोलीत पडून समुद्र बघेन, पण खिडकी हवी."

आम्ही जातोय. खिडकीच्या खोल्या बदलून दोन बाल्कनीच्या, शेजारी-शेजारी घेतल्या, वरचे पैसे भरून. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मूत्रपिंड ठीक आहे. कोविड झाला तर कुठली गोळी थांबवायची तो कागद मिळाला. बोटीवर पॅक्सलोविड ठेवतात असं कंपनीने ईमेलवर कळवलंय. वेगळा विमा काढला, विमानाने हलवण्याचा आकडा बघूनच. मुलाचा बूस्टर राहिला होता तो झाला. मुख्य म्हणजे असं ठरलं की निघायच्या आठवड्यात घरात कोणालाही लक्षणं दिसली तर पैशाचा विचार न करता रद्द करायचं. नवऱ्याने हे सगळ्यांसमोर कबूल केलंय, कारण पैशाचा विचार सगळ्यात जास्त तोच करतो.

---

वेंगुर्लेकर_काकू | १ ऑगस्ट

सुखरूप जाऊन या. बाबांना स्वेटर दोन द्या.

---

पारिजातक | १९ सप्टेंबर

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, त्याचं कारण पुढे येईलच.

चढताना चाचणी, सगळे निगेटिव्ह. बोट भरलेली होती, मास्क लावणारे आम्ही आणि मोजके म्हातारे. जेवणाची सगळ्यात लवकरची वेळ मागून घेतली, तेव्हा सभागृह अर्धं रिकामं असायचं. सकाळचा नाश्ता बाल्कनीत. कार्यक्रम एकही बघितला नाही. मुलगा पहिले दोन दिवस कुरकुरला, नंतर देवमासे दिसायला लागले आणि गप्प झाला. जुनोला मेंडेनहॉल हिमनदीसमोर बाबा बराच वेळ उभे होते. बर्फ असा निळा असतो हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. स्कॅगवेला सोन्याच्या शोधाच्या काळातली रेल्वे आहे, आम्ही डब्याच्या बाहेरच्या सज्जावर उभं राहूनच घाट बघितला.

आमच्या खोल्या बघणारा मुलगा कुडाळचा निघाला! आईने मराठी ऐकलं आणि तिथेच गप्पा सुरू. मास्क लावून, बाल्कनीचं दार उघडं ठेवून. काकू, तो म्हणाला की आदल्या फेरीत त्याचा खोलीसोबती पॉझिटिव्ह होता आणि त्याने एकट्याने दोघांच्या खोल्या केल्या. आम्ही टॉवेल आणि चादरी रोज बदलून घेणं थांबवलं. शेवटच्या दिवशी बक्षिसी त्याच्या हातात दिली, ॲपवरची आपोआप कापली जाते ती वेगळी.

सातव्या दिवशी संध्याकाळी माझ्या नवऱ्याचा घसा खवखवायला लागला. व्हिक्टोरियाला उतरायची सगळी तयारी झाली होती. त्याने दवाखान्यात फोन केला. पॉझिटिव्ह. शेवटची रात्र असल्यामुळे त्याला आमच्याच खोलीत एकट्याला ठेवलं, मी आणि मुलगा आईबाबांच्या खोलीत चाचणी करून गेलो. कोणीही उतरलं नाही. व्हिक्टोरियाचे दिवे बाल्कनीतून बघितले. सकाळी त्याला सगळ्यांच्या शेवटी, वेगळ्या वाटेने उतरवलं. तो घरची गाडी घेऊन खिडक्या उघड्या ठेवून एकटा गेला, आम्ही चौघं मास्क लावून दुसऱ्या गाडीने.

घरी आल्यावर दोन दिवसांनी आई पॉझिटिव्ह. ताप, खोकला, फार नाही. तिला पॅक्सलोविड मिळालं, ॲम्लोडिपिनचा डोस डॉक्टरांनी त्या दिवसांपुरता बदलला. बाबा आजवर निगेटिव्ह आहेत. ते मुलाच्या खोलीत, मुलगा माझ्याजवळ, असं घर वाटून घेतलं. आईची चव गेली होती, ती आता परत येतेय.

परत असंच करशील का, असं कोणी विचारलं तर हो म्हणेन. पण बोट घराजवळ संपत नसती तर नाही म्हटलं असतं.

---

राघूमैना | १९ सप्टेंबर

बाबा ठीक आहेत हे वाचून बरं वाटलं. आईंना विश्रांती घ्यायला सांगा, नंतरचा थकवा बरेच दिवस टिकतो. मी अजूनही माझ्या सासूबाईंना नेणार नाही. त्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे.

---

डॉक्टरीण_पुणे | २० सप्टेंबर

सासूबाईंबद्दलचा तुमचा निर्णय बरोबर आहे. पारिजातक, पॅक्सलोविड संपल्यावर काही जणांना लक्षणं आणि चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह येते. आईंची आणखी एकदा घरी चाचणी करा, मगच बाबांच्या शेजारी झोपू द्या.

---

सिडनीवासी | १४ नोव्हेंबर

धागा वर काढतोय. परवा, १२ तारखेला मॅजेस्टिक प्रिन्सेस सिडनीला लागली. सुमारे ४६०० माणसं बोटीवर, त्यातली साधारण ८०० पॉझिटिव्ह. पण या वेळी रुबी प्रिन्सेससारखं झालं नाही. पॉझिटिव्ह लोकांना बोटीवरच वेगळं ठेवलं होतं, उतरताना त्यांना बाकीच्यांपासून दूर, मास्क लावून काढलं आणि घरी विलगीकरणात राहायला सांगितलं. उन्हाळ्यात इथे क्रूझला जाणाऱ्या मराठी मंडळींनी शेवटच्या दिवसाला लागूनच घरच्या विमानाची तिकिटं काढू नयेत.

---

निळावंती७ | १५ नोव्हेंबर

धागा पूर्ण वाचला. आम्ही डिसेंबरात मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ घेतोय, सासरे ७५, दम्याचा त्रास. नेब्युलायझर न्यायचा विचार आहे. बोटीवर चालतो का, आणि पंपासोबत तो लागेलच का?

---

डॉक्टरीण_पुणे | १५ नोव्हेंबर

नेब्युलायझर नेणार असाल तर कंपनीला आधी कळवा आणि प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा. बऱ्याच रुग्णांना स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घेतलेला पंप तितकाच उपयोगी पडतो. पॉझिटिव्ह माणसाने खोलीत नेब्युलायझर लावला तर हवेत विषाणू जास्त पसरतो, तेव्हा स्पेसर दोन न्या. जाण्याआधी त्यांचा दमा सध्या किती आटोक्यात आहे ते तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. रात्री खोकल्याने जाग येते का? महिन्याला पंप किती लागतो? आणि लक्षद्वीपमध्ये मोठ्या उपचारांसाठी रुग्णाला कोचीला हलवावं लागतं, तेव्हा पॉलिसीवाचक यांचा २२ जुलैचा प्रतिसाद आधी वाचा.